नकाशातलं दार
सागवानावर रंधा फिरला, की त्या तुरट वासासोबत मला चिमूरच्या आमच्या घरातली ती खोली आठवते. ऐंशीच्या दशकात मी चंद्रपूरला मुलींना गृहसजावट शिकवायची. म्हाताऱ्या माणसाची खोली कशी असावी हे शिकवायला त्यांना थेट आमच्या घरीच नेलं. बाबांचं पाऊल किती उचलतं, हात कुठवर पोचतो, सारं त्यांनी मोजलं. बाबा हसून म्हणाले, "सदरा शिवून राह्यल्या का वं माह्यासाठी?" मुलींचा नकाशा दादाला इतका आवडला, की त्यानं घराच्या मागच्या भिंतीला लागून तशीच खोली बांधायला काढली. मी हरखले. दिवाळीत गेले तर सपाट उंबरठा, धरायला सागवानी दांडा, सगळं होतं. फक्त स्वयंपाकखोलीत उघडणारं दार नव्हतं. तिथं विटांची भिंत होती आणि पलीकडून दादाच्या पोरांचं हसू ऐकू येत होतं. "नकाशा तुमच्या पोरीचाच हाय," असं बाबांना सांगून, माझं नाव पुढे करून त्यानं त्यांना घराबाहेर काढलं होतं. मी नकाशा उघडून दार दाखवलं, दादावर ओरडले. बाबांना आता कागदावरलं दिसत नव्हतं. दादाशी मी आजही बोलत नाही, पण टोचतं ते बाबांचं, दांडा धरून समजुतीनं म्हटलेलं: "राहू दे बाई. तूनं दार नाई ठेवलं, तं काही इचार करूनच नाई ठेवलं असन."