मोरीतून आलेला समुद्र

मी एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला आणि समुद्र पहिल्यांदा पाहिला तो मुलीच्या स्वयंपाकघरात.

तसा तो आमच्या धानोऱ्यापासून फार लांब नाही. नंदुरबारहून गाडीत बसलं की सकाळचा माणूस दुपारी गुजरातच्या किनाऱ्यावर पोचतो. पण मला बस लागते, आणि गाडीत बसायला मिळत नाही, म्हणून जाणं राहून गेलं. भरती-ओहोटी मात्र फळ्यावर अशी काढायचो, की तपासणीला आलेल्या साहेबांनी एकदा ती आकृती स्वतःच्या वहीत उतरवून घेतली होती!

नववीला एक धडा होता. पृथ्वी तापते, बर्फ वितळतं, समुद्र चढतो आणि किनाऱ्यावरची गावं पाण्याखाली जातात. तो मी मन लावून शिकवायचो, प्रश्नोत्तरं लिहून द्यायचो, आणि घंटा झाली की शिक्षकांच्या खोलीत चहा पिताना म्हणायचो, "इतकी वर्षं ऐकतोय, अजून बादलीभर पाणी वाढलेलं नाही." सगळे हसायचे. गावातल्या हॉटेलात तर हा विषय म्हणजे करमणूकच. आमचा लोटन पपईवाला म्हणायचा, "येऊ दे ना समुदर! मन्हं वावर किनारावर येई, भाव दुप्पट व्हई!" आणि सगळे माझ्याकडे बघायचे, कारण भूगोल माझा. मी मान डोलवायचो.

एके दिवशी माझी मुलगी सारिका हिचा फोन आला. जावई, नीलेशराव, किनाऱ्याजवळच्या एका कारखान्यात नोकरीला. भाड्याच्या घरात राहून दोघं कंटाळले होते.

"आप्पा, दोन घरं दखेल शेतस," ती म्हणाली. "एक उंचावर शे, पन ल्हानसं शे. दुसरं मोठं शे, आंगन शे, मन्ह्या शिलाई मशिनीसले येगळी खोली शे. पन ते समुदरकडे शे. शेजारनी कोळीन मावशी सांगस, तेन्हा पुढे आखो घरसन्या दोन रांगा व्हत्यात. त्या गयात पानीमा."

"ती मावशी शाळामा जायेल शे का?" मी विचारलं.

"नही."

"मंग?"

या 'मंग'ची मला आजही लाज वाटते.

शेजारी माझी फुई, म्हणजे माझ्या वडिलांची बहीण, सुपात मूग निवडत बसली होती. वय पंचाहत्तरच्या पुढे, आमच्याकडेच राहते. तिचं सासरचं गाव तापीवर धरण झालं तेव्हा बुडालं. मान वर न करता ती म्हणाली, "पानी येस म्हनतस तं येस. आमले बी सांगेल व्हतं."

"फुई, ते धरण व्हतं. हाऊ समुदर शे," मी समजावलं.

"पानी ते पानीच ना?" ती म्हणाली आणि एक खडा वेचून बाहेर फेकला.

घर बघायला मी स्वतः गेलो. (बस लागली. तीनदा.) नीलेशराव मला अंगणाच्या टोकाला घेऊन गेले. समोर चिखल होता, चिखलात कलंडलेली एक होडी होती आणि दोन कुत्री होती.

"समुद्र कुठे आहे?"

"तो काय आप्पा, तिकडं." त्यांनी लांब बोट दाखवलं. मी चष्मा पुसून पाहिलं. काही दिसलं नाही.

"अहो, हा तर मागे चालला!" मी म्हणालो.

ती ओहोटी होती. मला कळत नव्हतं असं नाही. ती मी हजार वेळा फळ्यावर काढलेली. पण डोळ्यासमोर कोरडी जमीन असली की माणसाला फळा आठवत नाही. मी काटकी घेऊन चिखलावर उतार काढला, बाण काढले आणि सिद्ध केलं की इथवर पाणी यायला दोनशे वर्षं लागतील. सारिका पदराचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत होती.

"म्हनजे लेवानं का, आप्पा? तुम्ही सांगा. तुमले समजस."

"डोया झाकीसन ले!"

त्यांनी डोळे झाकून घेतलं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, राहायला गेले आणि आषाढी पौर्णिमेला सत्यनारायण ठेवला. गुरुपौर्णिमा! नीलेशराव म्हणाले, "आप्पा, तुम्हीच आमचे गुरू." मी नवं धोतर नेसलो. बायको आणि फुई बरोबर होत्या.

सकाळी घरभर फिरून पाहतो तर मागच्या दाराशी वाळू भरलेली चार पोती रचलेली. मोरीच्या तोंडात फडकी कोंबून वर दगड ठेवलेला. मला काही ते बरं दिसलं नाही. शुभकार्य आहे, चार लोक येणार, आणि दाराशी पोती? सारिका शिऱ्यासाठी रवा भाजत होती. तिला कशाला त्रास द्यायचा, म्हणून मी स्वतः एकेक पोतं ओढत कुंपणापाशी नेलं. दगड उचलला. फडकी काढली. कमरेत चमक भरली, पण घर कसं मोकळं दिसायला लागलं!

दुपारी पूजा रंगात आली. भटजींची कथा नौका बुडते त्या अध्यायापर्यंत आली होती आणि मी मागे बसून एका पाहुण्याला हळू आवाजात भरतीचं शास्त्र सांगत होतो. पौर्णिमेला ती सगळ्यात मोठी असते, हेही सांगत होतो. हे सांगताना मला स्वतःला काही सुचायला हवं होतं. नाही सुचलं.

तेवढ्यात मोरीतून गुळगुळ आवाज आला.

"मोरी तुंबनी," मी जाहीर केलं. "भात टाकतस तुम्ही मोरीमा!" आणि एक काठी घेऊन आत घुसवली. जोर लावून दोनदा ढवळली. खरंच मोकळी झाली ती! कारंज्यासारखं काळं पाणी माझ्या नव्या धोतरावर आलं.

"ओ सारिकाना आप्पा!" बायको स्वयंपाकघरातून ओरडली. "अठे बी पानी शे!"

मागच्या दारातून ते येत होतं. लाट नाही, गर्जना नाही, काही नाही. आपल्याच घरी आल्यासारखं, सावकाश. शिऱ्याचं पातेलं जमिनीवर होतं, ते जरा हललं आणि तरंगायला लागलं.

"पावसाचं आहे," मी म्हणालो.

"आप्पा, पाऊस कुठे आहे?" नीलेशराव पूजेवरून उठत म्हणाले.

बाहेर लख्ख ऊन होतं. मग मी असं काही केलं, जे चारचौघांत करू नये. वाकून पाण्यात बोट बुडवलं आणि चाटलं.

खारट.

पाहुणे कॉटवर चढले. भटजी खुर्चीवर उभे राहून म्हणाले, "पूजा अर्धी सोडता येत नाही."

"मंग तठेच ऱ्हावा," फुई म्हणाली. ती एकटीच घाबरली नव्हती. पातळ खोचून ती पाण्यात उभी राहिली आणि जिला आम्ही कुठलं काम सांगत नाही ती म्हातारी आम्हाला कामं सांगायला लागली. "पीठ वर ठेव. कागदपत्र पहिले. लाइट बंद कर रे नीलेश! देव शेवटले, देवले पोहता येस." मला म्हणाली, "तू काय दखी ऱ्हायना? ते पोतं आन!"

मी कुंपणापाशी धावलो. गुडघाभर पाण्यात भिजलेलं वाळूचं पोतं हलत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. सकाळी मी ते किती हौसेने ओढलं होतं!

मशिनींच्या खोलीत सारिका होती. आसपासच्या बायकांचे ब्लाउज शिवायला आलेले, कुणाच्या लग्नाचे, कुणाच्या डोहाळजेवणाचे. ते छातीशी धरून ती उभी होती. मशिनींच्या मोटारी खाली, पायांजवळ बसवलेल्या. त्या पाण्यात गेल्या होत्या. मी दारात उभा राहिलो. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि कपडे माझ्या हातात दिले. एवढंच.

तास-दीड तासाने पाणी आलं तसं गेलं. चिखल ठेवून गेलं. भटजी खाली उतरले आणि उरलेला अध्याय त्यांनी फार भरभर वाचला.

संध्याकाळी आम्ही सगळे चिखल काढत होतो. मी खराट्याने एकच फरशी कितीदा तरी घासली, कारण मान वर करायची हिंमत नव्हती. शेवटी म्हणालो, "सारिका, मन्ही चूक व्हयनी. पोतं मीच काढात. घर बी मीच लेवाडं."

ती खाली बसून मशिनीचं चाक पुसत होती. "आप्पा, मावशीनं सांगं तवयपासून मले झोप लागे ना. तुम्ही सांगं, दोनशे वर्स पानी येत नही. त्या दिवस मी निवांत झोपनू. मले तेच आयकनं व्हतं. म्हनून तुमलेच विचारं." फडकं पिळून म्हणाली, "पोतं मातर काढाले नको व्हतात. मावशीनं सांगं म्हनून पुनवले ठेवेल व्हतात."

फुई उंबऱ्यावर पाय पुसत होती. "मन्हा सासरा बी असाच व्हता," ती म्हणाली. "पानी महादेवना ओटाना वर चढाव नही म्हने. गाडा भरू दिन्हा नही. ज्या दिवस निंघनूत, त्या दिवस ओटा दिसे ना. धाननी कोठी तठेच ऱ्हायनी." मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "वाईट मानूस नही व्हता. शहाना व्हता."

दिवाळीच्या आत त्यांनी ते घर सोडलं आणि उंचावर एक लहान घर भाड्याने घेतलं. एका मशिनीची मोटार दुरुस्त झाली, दुसरीची झाली नाही. अंगणात मी धानोऱ्याहून नेऊन लावलेलं लिंबाचं रोप खाऱ्या पाण्याने गेलं.

गावी परतल्यावर मी हॉटेलात सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, चाटलेलंही सांगितलं. लोटन शांतपणे ऐकत होता. बशीतला चहा संपवून म्हणाला, "सर, मोरी तुंबेल व्हई."

मी त्याला उतार समजावला, पौर्णिमा समजावली, धडाच पुन्हा शिकवला. कुणी हसलं नाही, कुणी मानलंही नाही. एकजण म्हणाला, "पोरनं घर बुडनं ना, म्हनून सर घाबरी जायेल शेतस." मला राग आला नाही. मीही त्या बाकावर बसून हेच बोललो असतो.

आता सारिका पुन्हा घर बघते आहे. एखादं आवडलं की माझ्या मोबाइलवर फोन येतो. मी उत्साहाने "बोल बेटा" म्हणतो. ती म्हणते, "आप्पा, फुईआजीले द्या."

फुईला फोन कुठून ऐकायचा आणि कुठून बोलायचा ते समजत नाही, म्हणून तो तिच्या कानाला मीच धरतो. घरातला माझा सल्लागाराचा हुद्दा आता एवढ्यावर आला आहे. तेही नीट जमतं असं नाही. परवा दहा मिनिटं उलटा धरला होता!