पौषातला फेटा

पौषात लग्नं नसतात. आमच्या घरी पौष कोणी पाळत नाही. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हाच मुहूर्त आणि पंचांग दाराबाहेर ठेवलं. पण दादाच्या घोड्यांना पौष पाळावाच लागतो, कारण गिऱ्हाईक पाळतं. आमच्यातलेही कितीतरी जण "सोयरे काय म्हणतील" म्हणून गुपचूप पाळतातच, ते मी बोलून दाखवलं की कोणाला आवडत नाही. ब्रह्मपुरीत दादाकडे नवरदेवाच्या दोन घोड्या आहेत, थोरली आणि धाकटी, दोन्ही पांढऱ्या. मार्गशीर्ष संपला की जरीचं खोगीर पेटीत जातं आणि माझी वहिनी दोघींना घेऊन जंगलाच्या कडेला मुक्कामाला जाते. डीजेने कान किटलेले असतात, डांबरी रस्त्याने खूर झिजलेले असतात. "घोडीलेबी माहेर पाह्यजे, बाई," असं ती मला दरवर्षी सांगते.

यंदा मीही तिच्यासोबत गेले. हौसेने नाही, दादाने धाडलं म्हणून. मी अहेरीला मुलींच्या वसतिगृहात नोकरी करते. रजा शिल्लक होती आणि दिवसभर दीडशे पोरींवर ओरडून घसा बसला होता. तेवढ्यात दादाचा फोन आला.

"तुही वयनी माहं आयकून नाई राह्यली. तू जाय तिच्यासंग अन् समजावून सांग. धाकटी आता कामाची नाई. वीटभट्टीवाला नेतो म्हणते. माघ लागाच्या आत देऊन टाकू."

झालं असं होतं की, मार्गशीर्षाच्या सुरुवातीला एका वरातीत कोणीतरी फटाक्यांची लड घोडीच्या पुढ्यातच लावली. एक ठिणगी उडून नवरदेवाच्या फेट्याच्या शेमल्याला लागली. नवरदेवाला काही झालं नाही. त्याने उडी मारली, मित्रांनी शेमला विझवला, लग्नही वेळेवर लागलं. पण पेटता शेमला धाकटीच्या मानेला चाटून गेला. भाजलेलं बरं झालं, केसही आले, मात्र तेव्हापासून तिने पाठीवर कोणाला टिकू दिलं नाही. जी घोडी नवरदेवाला पाडते तिला लग्नात कोण बोलावणार? आणि भट्टीवर विटा ओढणाऱ्या जनावरांची काय गत होते, ते आमच्या घरात कोणाला सांगायची गरज नव्हती. वहिनीचा जीव अडकलेली घोडी होती ती. वहिनीला समजवायला मला वकील करून पाठवलं होतं, आणि हे वकीलपत्र मला मुळीच आवडलेलं नव्हतं.

ब्रह्मपुरीहून आम्ही पायी निघालो. ताडपत्री, भांडी, धानाचं पोतं असा सगळा संसार थोरलीच्या पाठीवर होता. तिची चाल बघून मी हैराण झाले. तिचा जन्म वरातीत गेलेला. चार पावलं चालायचं आणि थांबायचं, कारण पुढे नेहमी कोणीतरी नाचत असतं. त्या रानवाटेवर चिटपाखरू नाचत नव्हतं, तरी बाईसाहेब चार पावलांनी थांबत होत्या.

"हिले हाकला ना वो वयनी," मी वैतागून म्हटलं.

"कायले? तुले कोनत्या मांडवात जाचं हाये?"

मी मुकाट थोरलीच्या चालीने चालायला लागले.

मुक्काम ठरलेला असतो. जंगलाला लागून एक गाव आहे. तिथे एक म्हातारी बाई आहेत, धानाची शेती करणाऱ्या. त्यांचा मुलगा आमच्याच थोरलीवर बसून लग्नाला गेला होता, तेव्हापासून पौषात त्यांचं खळं आमचं. भोवती काट्यांचं उंच कुंपण, एका बाजूला तणसाची गंजी, मागे गावतळं आणि तळ्यापलीकडे साग. वाघाचा मुलूख आहे, त्यामुळे वनरक्षकाने बजावून ठेवलेलं असतं की ऊन वर आल्याशिवाय आत शिरायचं नाही आणि ऊन कलायच्या आधी बाहेर यायचं. वहिनी त्याचा शब्द खाली पडू देत नाही.

तिथे मी वहिनीला पहिल्यांदा नीट पाहिलं असं म्हणायला हरकत नाही. घरी ती स्वयंपाकघरात असते, मी पाहुणी असते, आणि पाहुण्यांना माणसं दिसत नाहीत. इथे ती पहाटे उठून आधी घोड्यांच्या पायांवरून हात फिरवायची, मग स्वतःचं तोंड धुवायची. खरारा करताना त्यांच्याशी गावातल्या भानगडी बोलायची. तिचे वडील वडशाला टांगा हाकायचे. घोडं कसं वागवायचं ते ती तिथून घेऊन आली आणि दादाने त्याचा धंदा केला. भोवतालच्या शेतांच्या बांध्यांमध्ये धान कापल्यावर पेरलेली लाखोळी हिरवीगार उभी होती. घोड्या तिकडे माना ताणायच्या आणि वहिनी वाघिणीसारखी आडवी व्हायची. लाखोळी खाऊन घोड्याचे पाय जातात. आम्ही माणसं मात्र तिचीच डाळ भातावर ओतून बोटं चाटत होतो.

ऊन आलं की दोघींना घेऊन वनखात्याच्या कच्च्या रस्त्याने फिरायला जायचं. सागाची पानं गळून रस्ताभर पसरलेली असायची, खुरांखाली पापड मोडल्यासारखा आवाज व्हायचा. धाकटी त्या रस्त्यावर इतकी सुंदर दिसायची की मी ज्या कामाला आले ते तोंडातून निघेना. उद्या सांगू, असं रोज म्हणायची.

परत आलं की शिकवणी. वहिनीची ही पद्धत मला फार आवडते. घोडी तयार करताना ती माणूस बसवत नाही. खोगिरावर धानाचं पोतं उभं बांधते, त्याला गुलाबी फेटा गुंडाळते, शेमला मागे सोडते आणि रिकामा डबा बडवत घोडी फिरवते. लांबून बघितलं तर कोणाचं तरी लग्न निघालंय असंच वाटतं. खरं सांगायचं तर बऱ्याच नवरदेवांपेक्षा ते पोतं ताठ बसतं. ती स्वतः मात्र कधी घोडीवर बसली नव्हती. नवरदेवाच्या घोडीवर घरच्या माणसाने बसायचं नाही, असा दादाचा नियम. का, ते दादालाही माहीत नसावं.

रोज पोतं चढायचं, रोज पडायचं. फेटा बांधून झाला की धाकटी थरथरायला लागायची, मागचे पाय झाडायची आणि नवरदेव मातीत. वहिनी पोतं झटकायची, फेटा पुन्हा नीट बांधायची आणि गोड बोलून तिला परत उभं करायची. तिला राग आलेला मी एकदाही पाहिला नाही. मला आला असता. मला तर रोज नुसतं बघूनच येत होता.

खळ्याच्या मालकीण बाई गंजीला टेकून हे बघायच्या आणि कुरकुरायच्या. "पौषात फेटा बांधते काय वो कोनी? वंगाळ असते."

"पोत्याले कायचा पौष, बाई?" वहिनी म्हणायची.

एका सकाळी थंडी अशी पडली की तळ्यावर धुक्याशिवाय काही दिसेना. माझे कान दुखायला लागले. मफलर अहेरीला विसरले होते. वहिनीने पोतं धाकटीवर चढवलं होतं, फेटा बाजूच्या खाटेवर पडला होता. बाई नेहमीसारख्या कुरकुरत होत्या. मी तो फेटा उचलला आणि डोक्यावरून कानांवरून सगळा गुंडाळला.

"बाईंचाबी मान राह्यते अन् माहे कानबी," मी म्हटलं.

"अवो, तिले बांधाचं हाये आता," वहिनी म्हणाली. पण मी कुठली ऐकते! चहा होईपर्यंत राहू दे म्हटलं आणि लांब चुलीजवळ जाऊन बसले. वहिनी डबा हातात घेऊन तशीच उभी राहिली. मग सहज म्हणून दोरी धरून धाकटीला चालवायला लागली. गोल फेरा झाला, दुसरा झाला. पोतं जागचं हललं नाही. वहिनीने डबा वाजवला. धाकटीने कान टवकारले आणि चालत राहिली.

मी कप ठेवून आनंदाने धावत पुढे गेले. धाकटीने मला पाहिलं आणि अशी उसळली की दोरी वहिनीच्या हातातून सुटता सुटता राहिली. पोतं खाली आलं.

"बाई, मागं सर," वहिनी हळूच म्हणाली.

मी सरकले.

"आनखी मागं. अन् तो फेटा काढ. मुकाट्यानं. पाठीमागं लपव."

मी फेटा काढून पाठीमागे धरला. धाकटीने नाक फुरफुरवलं आणि उभी राहिली. वहिनीने पोतं पुन्हा चढवलं. काही नाही. मग तिने मला फेटा नुसता दाखवायला सांगितला. मी हात पुढे केला तसे धाकटीच्या अंगावरचे केस उभे राहिले. वहिनी दोरी धरून खाली बसली.

"म्हनजे माणसाले भेत नाई ते. फेट्याले भेते. अन् मी रोज तिच्या डोक्यावर फेटाच आनून बसवून राह्यलो." तिने तोंडावर पदर घेतला. पोत्याला फेटा नसेल तर ते नवरदेव कसं, म्हणून आधी फेटा. आमच्या धंद्यातल्या माणसाला दुसरं सुचणंच शक्य नव्हतं.

आनंद झाला आणि लगेच विझलाही. वहिनी उठून म्हणाली, "पन बिनाफेट्याचा नवरदेव आता मी कुठून आनू?"

"टोपी घाला म्हना."

ती हसली नाही. मीही चुकीच्या वेळी थट्टा केली होती. धाकटी कोणालाही नेईल, फक्त नवरदेवाला नेणार नाही, हे आता दोघींनाही स्वच्छ कळलं होतं. वीटभट्टीला कारण तर आणखी पक्कं मिळालं. दादाचा निरोप सांगायची हीच वेळ होती. मी मनात म्हटलं, चुलीत गेलं ते वकीलपत्र.

वहिनीने पोतं उतरवलं. खोगिराचा पट्टा घट्ट केला. मग लुगडं गुडघ्यापर्यंत वर खोचलं, धाकटीला कुंपणाबाहेरच्या धुऱ्यापाशी, शेताच्या उंच बांधाशी नेलं, धुऱ्यावर चढली आणि तिथून सरळ तिच्या पाठीवर बसली. पन्नाशी उलटलेली, गुडघे धरलेली बाई! मी ओरडायचंही विसरले.

"पौष हाये ना वो!" मालकीण बाई कपाळावर हात मारून म्हणाल्या.

"मी कोनतं लगन लावून राह्यलो, बाई?" वहिनी वरून म्हणाली.

ऊन पुरतं वर आलं होतं. धाकटी तिला घेऊन जंगलाच्या रस्त्याला लागली. मी थोरलीची दोरी धरून मागे. थोरली चार पावलांनी थांबत होती, मी तिच्यावर करवादत होते आणि पुढे वहिनी लांब लांब जात होती. धाकटी कुठेही थांबली नाही. तिच्यापुढे कोणी नाचत नव्हतं, कोणी नोटा ओवाळत नव्हतं. ती नुसती चालत होती, आणि आमची वहिनी पाठ ताठ करून, पदर खांद्यावर घट्ट खोचून अशी बसली होती की जन्मल्यापासून तिथेच बसत आली असावी. तिने किती पोरांना घोडीवर चढवलं, किती जणांचे पाय रिकिबीत अडकवून दिले, वरातीच्या कडेने धूळ खात किती गावं चालली. त्या उंचीवरून जग कसं दिसतं ते तिला आज दिसत होतं. मला रडू आलं, हे सांगून टाकते. माझ्या घरात एवढी मोठी बाई राहते आणि मी तिला आजवर चहाच मागत आले.

ती वळून आली तेव्हा चेहरा लाल झाला होता. तळ्याच्या पाळीवर पोचलो. सबंध मुक्कामात फोनला तेवढ्याच जागी रेंज मिळते. माझा फोन वाजला. दादाच होता.

"काय म्हनते वयनी? समजावलं का नाई?"

"तिच्याशीच बोल," मी म्हटलं, स्पीकर लावला आणि फोन वर तिच्या हातात दिला.

"बसते का कोनी धाकटीवर?" दादाने विचारलं.

"बसते," वहिनी म्हणाली.

"कोन?"

"मी."

वहिनीने दुसऱ्या हाताने लगाम आवळला आणि हनुवटी वर केली. दादाचा नियम मोडला होता, आणि तो नियमाचा माणूस. ती भांडायच्या तयारीत होती. मीही होते.

"आताबी वरच बसून हायेस का?" दादाने विचारलं.

"हो."

"मंग फोन कायले धरतेस एका हातानं? दे तिच्यापाशी." मी फोन घेतला तरी तो तिच्याशीच बोलत होता, मोठ्याने, तिला वरपर्यंत ऐकू जावं म्हणून. "नीट धरून बस. पडजो नको. अन् त्या भट्टीवाल्याले मी नाई म्हनून सांगतो."