हेडफोनमध्ये भावजय

माझी आत्या कोर्टात स्टेनो होती. उमेदीची सगळी वर्षं तिने न्यायाधीशांचं बोलणं लिहून घेण्यात घालवली. तिचे कान भारी तिखट. बाबा, म्हणजे तिचा धाकटा भाऊ, म्हणायचे, "ताईसमोर मनातल्या मनात बोलायचं असेल तरी हळू बोला." पण ऐकलेलं पोटात ठेवावं तर तिनेच. घटस्फोट, भाऊबंदकी, विषप्रयोग, काय काय तिच्या हातून टाईप झालं असेल, आम्हाला एकाही खटल्याचा कधी वास लागला नाही.

लग्न केलं नव्हतं. आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून एका खोलीत राहायची आणि रविवारी आमच्याकडे जेवायला यायची. जेवण झालं की न विचारता भांडी घासायची, पुसायची आणि तिच्या मते जिथे असायला हवीत तिथे लावून जायची. सोमवारी आई ती काढून परत आपल्या जागी ठेवायची. दोघींनी याबद्दल एकमेकींजवळ कधी चकार शब्द काढला नाही.

निवृत्त झाल्यावर तिला पुन्हा काम मिळालं. टेलिफोनच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर सरकारचं एक कार्यालय होतं, दारावर पाटी नसलेलं. तिथे ध्वनिफिती ऐकून टाईप करायच्या. कामावर घेताना साहेबांनी सांगितलं, "चोर, दरोडेखोर, देशाचे शत्रू. प्रत्येकाच्या फोनमागे न्यायाधीशांचा हुकूम आहे." गुप्ततेची शपथ झाली. आत्याला त्यात नवीन काही नव्हतं. कानाला हेडफोन, पायाखाली एक पट्टी. पट्टी दाबली की आवाज सुरू, पाय उचलला की बंद. शेजारच्या टेबलावर जाड चष्म्याच्या एक बाई बसायच्या. आत्या त्यांना चष्मेवाल्या म्हणायची. दुपारी दोघी डबा एकत्र खायच्या, हवापाण्याच्या गप्पा मारायच्या, पण कामाबद्दल कधीच नाही.

सुरुवातीला खरंच चोर असावेत असे आवाज यायचे. पुढे पुढे चोर फार साधे व्हायला लागले. कुणी मुलाच्या शाळेच्या बसचं विचारत होतं, कुणी दाढदुखीने विव्हळत होतं. आत्याने मनाची समजूत घातली, की चोरालाही दाढ असतेच.

त्याच सुमारास आमच्या भागात नळाला गढूळ पाणी यायला लागलं आणि पोरं आजारी पडायला लागली. नगरपालिकेने पाण्याची तपासणी केली, पण अहवाल काही दाखवेना. तेव्हा रहिवाशांनी एक समिती केली. माझी आई सकाळच्या शाळेत शिकवायची, दुपारी मोकळी असायची. "तुमचं अक्षर चांगलं आहे" म्हणून सगळ्यांनी तिला चिटणीस करून टाकलं. समितीचं काम म्हणजे अर्ज लिहायचे आणि उत्तराची वाट बघायची. यापेक्षा भयंकर काहीही नव्हतं.

आणि मग तो दिवस उजाडला. आत्याने नवी फाईल लावली, पट्टी दाबली आणि मागे वळून पाहिलं. तिला वाटलं, भावजय कार्यालयात आलीये. मागे कुणी नव्हतं. आवाज हेडफोनमध्ये होता.

"हॅलो, बोल गं," आई म्हणत होती. पलीकडे माझी मावशी होती. "कालच रविवार झाला ना. ताई येऊन गेल्या. कढया वरच्या फळीवर, वाट्या खालच्या. आता मी काय शिडी घेऊन स्वयंपाक करू?"

मावशी खो खो हसली. आत्याची बोटं सवयीने चालूच होती. पुढे तिने मला सांगितलं, "कान कळवळले तरी बोटांना कळायला वेळ लागतो गं. 'शिडी'पर्यंत टाईप झालं होतं माझं." तिला राग आला नाही. आपली चोरी पकडली गेली, असं काहीतरी वाटलं.

मग आईचा आवाज एकदम खाली आला. "ऐक, एक सांगायचंय. यांना नको सांगूस अजून. आंघोळ करताना हाताला गाठ लागली. छातीत. डाव्या बाजूला."

आत्याचा पाय पट्टीवरून उचलला गेला.

ती उठून साहेबांच्या खोलीत गेली. साहेब मृदू बोलणारे, खिडकीतल्या रोपाची वाळकी पानं खुडत उभे होते.

"साहेब, आत्ता दिलेल्या फाईलचा हुकूम कुठाय?"

"कसला हुकूम?"

"न्यायाधीशांचा."

"अहो, गरज पडली की घेतो ना. आधी ऐकल्याशिवाय काय ऐकायचंय ते त्यांना सांगणार कसं?"

"वरातीमागून घोडं?"

साहेब हसले. "बाई, तुम्ही कोर्टातून आलात म्हणून विचारताय. ही पाणीसमितीची माणसं आहेत. आज पाणी म्हणतील, उद्या काय म्हणतील? लक्ष ठेवलेलं बरं. सगळ्यांचेच फोन ऐकायला घेतलेत. तुम्ही नुसतं टाईप करा, विचार करायला आम्ही बसलोय."

आत्याने पर्स उचलली. चष्मेवाल्यांनी विचारलं, "बरं वाटत नाही का?" ती म्हणाली, "नाही," आणि जिना उतरली.

त्या दिवशी मला ताप होता, म्हणून मी घरी होते. दार मीच उघडलं. आत्याने ओठांवर बोट ठेवलं, आईचा फोन टेबलावरून उचलला आणि पिठाच्या डब्यात घालून झाकण लावलं. माझाही उचलला. मग आईला हाताला धरून मागच्या बाल्कनीत नेलं. मला वाटलं, हिच्या डोक्यावर परिणाम झालाय. मी मागोमाग गेले.

"डॉक्टरला दाखवलंस का?" आत्याने विचारलं.

"काय?"

"गाठ."

आईचा चेहरा असा काही उतरला की मी बाल्कनीचा कठडा धरला. आईच्या गाठीबद्दल मी तेव्हा पहिल्यांदा ऐकत होते.

"माझ्या बहिणीने सांगितलं तुम्हाला?"

"नाही. तूच सांगितलंस. तिला सांगत होतीस, ते मी ऐकलं. कार्यालयात." आणि मग आत्याने शपथ मोडली. सगळं सांगितलं.

मला वाटलं होतं, आई सरकारवर भडकेल. ती आत्याकडेच वळली.

"म्हणजे तुम्ही बसून ऐकलंत? आणि टाईप केलंत?"

"गाठीच्या आधीपर्यंत."

"आणि माझ्या आधी ज्यांचं ऐकलंत, त्यांचं काय? इतके दिवस रोज तिथे जाताय. तिथून येऊन माझ्या ताटात जेवताय."

"चोर असतील असं वाटायचं."

"सगळेच? ताई, एकदाही मनात आलं नाही, की यांचीही कुणी नणंद असेल?"

आयुष्यभर ऐकून गप्प राहण्याचा आत्याला अभिमान होता. त्या दुपारी पहिल्यांदा ते गप्प राहणं तिला बोचलं असावं.

संध्याकाळी बाबांना दोन्ही गोष्टी एकदम कळल्या. ते आधी आईजवळ बसले. मग आत्याला म्हणाले, "ताई, सोड ते काम आणि गप्प बस. शपथ घेतलीस. तुरुंगात टाकतील. आमच्यावरही येईल."

"कामाचं सोड. गप्प बसायचं ते कसं बसू, ते सांग," आत्या म्हणाली.

तिने आधी सरळ मार्ग धरला. साहेबांच्या वरच्या साहेबांना भेटली. त्यांनी चहा पाजला आणि विश्रांतीचा सल्ला दिला. पुन्हा गेली तर दारावरच अडवलं. मग ती कोर्टातल्या ओळखीच्या वकीलबाईंकडे गेली. वकीलबाई म्हणाल्या, "पुरावा काय आणलाय?"

"काही नाही. कान आणलेत."

त्यांनी तिच्याकडून प्रतिज्ञापत्र करून घेतलं आणि न्यायालयात याचिका दाखल केली. पण त्याआधी आत्याने एक अट घातली. ज्यांचं ऐकलं गेलंय, त्यांना ते वर्तमानपत्रातून कळता कामा नये.

म्हणून वाचनालयाच्या सभागृहात समितीची बैठक बोलावली. आत्या उभी राहिली. तिला बोलायची सवय नव्हती, त्यामुळे चार वाक्यांतच सगळं सांगून मोकळी झाली. मग एकच गलका. कुणी आपला फोन बंद करत होतं, कुणी तो पालथा ठेवत होतं, जणू फोनला डोळे आहेत. एक बाई रडायला लागल्या. "माझं काय काय ऐकलंत, सांगा," असं कुणीतरी ओरडलं. आत्या म्हणाली, "कानात पडलेलं मी सभेत सांगणार नाही. कुणाचंच."

तेवढ्यात कोपऱ्यावरचे औषधवाले काका उठले. समितीतले सगळ्यांत वजनदार गृहस्थ. "मी म्हणतो, एवढा बाऊ कशाला? कर नाही त्याला डर कशाला? माझ्याकडे लपवण्यासारखं काहीही नाही. ऐकू देत खुशाल!"

आत्याने त्यांच्याकडे पाहिलं. फक्त पाहिलं. काकांची मान लाल झाली, मग कान, आणि ते हळूच खाली बसले.

सगळे बघत होते. आत्या म्हणाली, "काका, मी एक शब्द बोलले नाही. तुमचं मी ऐकलंय की नाही, तेही सांगितलेलं नाही. तरी तुम्ही बसलात. आणि मी तर तुमच्याच गल्लीतली. तिथे जे बसलेत, ते तुमचे कुणी नाहीत."

काकांनी काय लपवलं होतं, ते आजही कुणाला माहीत नाही. कुणी विचारलंही नाही. पण दुसऱ्या दिवशी पाटी नसलेल्या त्या कार्यालयाच्या इमारतीत तळमजल्याच्या आवक खिडकीवर अर्ज घेऊन पहिले उभे होते ते काकाच. अर्जात एकच प्रश्न होता: माझा फोन ऐकला का, आणि कुणाच्या हुकुमाने? त्यांच्या मागे माझी आई, तिच्या मागे शाळेतल्या दोन शिक्षिका. कारकून म्हणाला, "असं कार्यालय इथे नाहीच." आई म्हणाली, "मग नाही, असं लिहून सही करून द्या." तो आत गेला तो बाहेरच येईना. रांग इमारतीबाहेर गेली. रोज नवे लोक यायचे, ज्यांचा पाणीसमितीशी काडीचा संबंध नव्हता तेही. पोचपावतीच्या शिक्क्याची शाई संपली म्हणून खिडकी बंद झाली, तर आमचा न्हावी स्वतःच्या खिशातून शाईची बाटली घेऊन हजर.

आत्याला मात्र एका सकाळी पोलिसांनी उचललं. शपथ मोडून सरकारी गुपित फोडल्याचा गुन्हा. खोलीची झडती झाली. रेडिओ नेला, जुना टाईपरायटर नेला, काय समजून कोण जाणे, कानात घालायच्या औषधाची बाटलीही नेली.

जामीन देताना न्यायाधीशांनी विचारलं, "जामीनदार कोण?" बाबा पुढे व्हायच्या आत आई उभी राहिली.

"आरोपीशी नातं?"

"नणंद आहे माझी."

"जबाबदारी घेताय? पळून गेल्या तर?"

"पळतील कशाला? रविवारी जेवायला यायचं असतं त्यांना," आई म्हणाली. कोर्टात हशा पिकला. आईला विनोद करायचा नव्हता. त्याच आठवड्यात तिचा तपासणीचा निकाल आला होता, गाठ साधी निघाली होती. घरी येईपर्यंत तिने ते कुणालाच सांगितलं नव्हतं, फोनवर तर नाहीच. त्या काळात आम्ही महत्त्वाचं सगळं एकमेकांना चालत जाऊन सांगायचो.

याचिकेत सरकारने साफ कानांवर हात ठेवले. असं कार्यालय नाही, असं ऐकणं नाही, या बाईंचं वय झालंय. वकीलबाईंनाही वाटायला लागलं, की एकट्या कानांवर खटला उभा राहत नाही.

मग एका सुनावणीला मागच्या बाकावरून चष्मेवाल्या उठल्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. म्हणाल्या, "मला सांगायचंय." साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहून त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"कार्यालय आहे. मी तिथेच काम करते. या बाई शेजारच्या टेबलावर होत्या. त्या कामाला लागल्या त्या आठवड्यापासून यांचा स्वतःचा फोन ऐकला जात होता. तो मी टाईप करायचे."

मी आत्याच्या शेजारी बसले होते. तिने माझा हात इतका घट्ट धरला की माझी बांगडी वाकली. रोज दुपारी जिच्याशी डबा वाटून खाल्ला, ती डबा धुवून टेबलावर जायची आणि हिचंच घर कानाला लावायची. तिला माझी परीक्षा, बाबांचं पोटदुखीचं रडगाणं, सगळं माहीत होतं. दुसऱ्या दिवशी डब्यावर तीच विचारायची, "भाची कशी आहे हो?"

न्यायाधीशांचे हुकूम दोन मेलेल्या माणसांच्या नावावर घेऊन भलत्यांचेच फोन ऐकले जात, हेही चष्मेवाल्यांनी सांगितलं. त्यांना साहेबांनी नंतर धमकावलं, नोकरी गेली, पण त्यांनी साक्ष फिरवली नाही. न्यायालयाने ते ऐकणं बेकायदा ठरवलं. ध्वनिफिती न्यायाधीशांसमोर नष्ट करायला सांगितल्या. लोकांच्या अर्जांना उत्तरं द्यावी लागली. आमच्या घरी आलेल्या उत्तरात 'होय' एवढा एकच शब्द होता आणि खाली सही. पाण्याचा अहवालही त्याच गडबडीत बाहेर आला. साहेबांची बदली झाली, बढतीवर, असं म्हणतात. आत्यावरचा खटला अजून चालू आहे. तारखा पडतात, ती जाते.

साक्षीनंतर काही दिवसांनी चष्मेवाल्या आत्याच्या खोलीवर आल्या. मी तिथेच होते. त्या उंबऱ्यावरच थबकल्या. आत्याने उभ्या उभ्याच विचारलं,

"माझं सगळं ऐकलंत?"

"हो."

"मग मला काही विचारायचंय. गेल्या वर्षी मी डॉक्टरांशी फोनवर जे बोलले, ते. ते टाईप केलंत?"

चष्मेवाल्यांनी मान खाली घातली. "केलं."

डॉक्टरांशी काय बोलणं झालं होतं, ते मला माहीत नव्हतं. आत्याने मला बाहेर जायला सांगितलं. मी जिन्यात उभी राहिले. दार लागलं, आणि आतून दोघींपैकी कुणाचाही आवाज मला ऐकू आला नाही. मी ऐकायचा प्रयत्नही केला नाही.