माडाच्या मुळाशी जाणारं दूध

देवीवर माझा राग होता, हे लिहिताना हात कचरतो. पण तिने मला कसं सांभाळलं ते सांगायचं तर आधी तो राग सांगायला हवा. लग्नाला बरीच वर्षं होऊन माझी कूस रिकामी होती. सासूबाई दर वर्षी मला देवळात कौल लावायला नेत. गुरव देवीच्या अंगावर दोन बाजूंना फुलाच्या कळ्या पाण्याने चिकटवी आणि गाऱ्हाणं घाली. उजवी कळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. एका वर्षी उजवी पडली. "घरात पाळणा हलेल," गुरव म्हणाला. त्या दिवशी घरी येताना मला घाटी चढताना दमसुद्धा लागला नाही.

पाळणा हलला, पण तो माझ्या जावेचा. प्रश्न माझा, उपास माझे, आणि उत्तर तिच्या ओटीत पडलं. तिला आई नव्हती, म्हणून माहेरी न जाता ती मुंबईहून बोटीने आमच्याकडेच बाळंतपणाला आली. कार्तिकात तिला मुलगा झाला. माझे धाकटे दीर मुंबईला पेढीवर नोकरीला, माझे यजमान दिवसभर कलमांच्या बागेत, आणि सासूबाईंचे गुडघे धरलेले. तेव्हा बाळंतिणीचं सगळं माझ्याकडे आलं. शेगडीत निखारे घालणं, ओव्याची धुरी, आळिवाची खीर, बाळाची लंगोटी धुणं. मी सगळं करत असे आणि करताना आतून जळत असे. तोंडाने मी कधी कुणाला काही बोलले नाही. बोलण्याचा माझा स्वभावच नाही. पण खोलीतून बाळाचा आवाज आला की माझ्या हातातलं भांडं जरा जोरात खाली ठेवलं जाई.

सगळ्यांत जड काम वाटीचं होतं. जावेला दूध फार. छाती तटून तिला ताप भरे. मुलाचं पोट भरल्यावर उरलेलं दूध ती वाटीत काढून देई. ते पायदळी जाऊ नये, कुणाच्या नजरेस पडू नये, म्हणून पदराआड नेऊन परसातल्या माडाच्या मुळाशी ओतायचं, अशी आमच्याकडची रीत. रोज मी ती कोमट वाटी छातीशी धरून नेत असे. दुसरीच्या अंगावरचं दूध माझ्या अंगाला लागून जात होतं आणि झाड ते पीत होतं. तेव्हा मला त्या झाडाचासुद्धा हेवा वाटे.

त्याच दिवसांत गोठ्यातल्या मांजरीला शेजारच्या कुत्र्याने मारलं. ती व्यालेली आहे हे मला ठाऊक होतं. माळ्यावर चढून पेंढा चाचपला तर पिल्लं गार पडलेली हाताला लागली. एक तेवढं हललं. डोळे मिटलेले, कान डोक्याला चिकटलेले, उंदराएवढं. मी ते पोटाशी धरून खाली आणलं, जुन्या लुगड्याच्या चिंध्या दुरडीत घालून चुलीच्या उबेला ठेवलं. देवीसाठी वळलेल्या फुलवातींतली एक गाईच्या दुधात भिजवून त्याच्या तोंडात दिली. मांजरी पिल्लांना चाटून त्यांचं पोट मोकळं करते ते मी पाहिलं होतं, म्हणून ओल्या फडक्याने तसं पुसत राहिले. कुणाला विचारलं नाही. हे एक माझं असावं, एवढंच मनात होतं.

घरात ते लपणार थोडंच. सासूबाई म्हणाल्या, "जगायचं नाही ते. उगाच जीव लावून बसू नको. आणि बाळाच्या खोलीत त्याचा केस जरी दिसला तर बघ." शेजारच्या काकू ताक मागायला आल्या होत्या, त्यांनी दुरडीत डोकावून पाहिलं. "तुमच्याकडे बाळंतिणी दोन झाल्या की गो! हिलाही डिंकाचे लाडू द्या हो," असं म्हणून हसल्या. सासूबाईही हसल्या. मी चुलीत तोंड घालून फुंकर मारत राहिले. धुराने डोळ्यांत पाणी आलं हे बरंच झालं.

गाईचं दूध पिल्लाला मानवलं नाही. त्याचं पोट बिघडलं, मान टाकली. एका दुपारी वात तोंडाशी धरली तर त्याने ओठसुद्धा हलवले नाहीत. तेवढ्यात जावेने खोलीतून वाटी दिली. मी ती घेऊन माडाखाली गेले आणि थांबले. वाटीत दूध होतं, घरात पिल्लू मरत होतं, आणि माझा हात पुढे होईना. माणसाचं दूध जनावराच्या तोंडी गेलं तर आईचं आटतं, असं आमच्याकडे म्हणतात. आटलं तर बाळाचं काय, ही भीती होतीच. पण त्याहून मोठी भीती माझी मलाच होती. तिचं आटावं असं माझ्या मनात कुठे तरी आहे की काय, हे मला सांगता येत नव्हतं. आणि तिच्या दुधावर पिल्लू जगलं तर तेही तिचंच होणार. मी वाटी मुळाशी ओतून टाकली. माती भिजली तशी मी तिथेच बसले आणि देवीला म्हणाले, तूच बघ आता, माझ्याने काही होत नाही. ते काही भक्तीने म्हटलं नव्हतं, चिडून म्हटलं होतं.

रिकामी वाटी द्यायला गेले तर जाऊ बाजेवर उठून बसली होती. "वैनी, पिल्लाचा आवाज थांबला सकाळपासून."

मी पदराने वाटी पुसत राहिले.

"गेलं?"

"नाही. पण जाईल."

तिने बाळाला बाजूला निजवलं, माझ्या हातातली वाटी घेतली आणि पाठ फिरवून बसली. मग वाटी मागे धरली. "घ्या. झाडाने काय पुण्य केलंय एवढं?"

"आटेल गो तुझं."

"आटलं तर सुटेन मी, रात्रंदिवस दगड बांधल्यासारखं होतंय." मग हळू म्हणाली, "माझी आई मी दोन दिवसांची असताना गेली. काकूने शेळीच्या दुधावर वाढवलं मला. तुमचं ते पिल्लू रडायचं ना वैनी, तेव्हा मला पान्हा फुटायचा. पोराआधी."

मी वाटी घेतली. पदराआड धरली, पण परसात गेले नाही. चुलीपाशी बसून नवी वात भिजवली आणि पिल्लाच्या ओठांवर थेंब थेंब सोडत राहिले. किती तरी वेळ ते तसेच बाहेर ओघळले. मग त्याची जीभ दिसली. एवढीशी, गुलाबी. सासूबाई केव्हा मागे येऊन उभ्या राहिल्या ते मला कळलं नाही. वाटी पाहून त्यांना सगळं समजलं असणार. आता ओरडतील म्हणून मी अंग चोरलं. त्या गुडघे धरून हळूच खाली बसल्या आणि म्हणाल्या, "वात जाड आहे गो. बारीक वळ."

पिल्लू जगलं. जावेचं दूध आटलं नाही. याला कुणी काही म्हणो, मी वाद घालणार नाही. मी चिडून जे देवीवर टाकलं होतं ते तिने उचललं, आणि ज्या हातांचा मला हेवा होता त्याच हातांनी उचललं, एवढंच मला ठाऊक आहे.

पण हेवा असा एका वाटीने संपत नाही. पिल्लाचे डोळे उघडले, पाय फुटले, आणि मला भीती होती तेच झालं. ते दुरडीतून उतरून सरळ जावेच्या खोलीच्या उंबऱ्याशी जाऊन बसे. तिने त्याचं नाव चिंगी ठेवलं, सुकटीतल्या चिंगळाएवढी, बारक्या कोलंबीएवढी म्हणून. मी हाक मारली तर ती कान हलवी. जावेने मारली तर धावे. रात्री तिला उबेत घेऊन मी बसत होते, पुसत होते, तरी वास तिला दुसरीचाच हवा होता. ती तिकडे पळाली की माझ्या हातातलं भांडं पुन्हा जोरात खाली ठेवलं जाई. देवीपुढे दिवा लावताना मी सांगत असे, हेही तुझ्यापुढेच ठेवते, माझ्याने टाकवत नाही.

फाल्गुनात दीर न्यायला आले. बंदरावर, बोटीपर्यंत नेणाऱ्या पडावात बसताना जाऊ माझ्या गळ्यात पडली. "चिंगीला भात कालवताना जरा मासळी घाला हो वैनी," एवढंच म्हणाली आणि पदराने डोळे पुसले. बोट दिसेनाशी होईपर्यंत मी उभी राहिले. परतताना मनात आलं, आता तरी चिंगी माझी.

घरी आले तर ती कुठे दिसेना. शेवटी बाळंतिणीच्या खोलीत सापडली. बाज उभी करून ठेवली होती, शेगडी विझलेली, आणि सारवलेल्या भुईवर ती मधोमध बसून ओरडत होती. मी मासळी घालून भात कालवून आणला. तिने हुंगला आणि तोंड फिरवलं. मला राग आला. उचलून न्यावं म्हणून मी खाली वाकले, आणि त्या खोलीत ओव्याचा, बाळाचा, तिच्या तेलाचा वास अजून होता तो माझ्या नाकात गेला. मी चिंगीजवळ भुईवर बसले. मला जावेची इतकी आठवण आली की मलाच नवल वाटलं. इतके महिने मी तिचं काय काय मागत होते, आणि हवी होती ती जाऊच.

चिंगी ओरडायची थांबली. थोड्या वेळाने माझ्या मांडीवर चढली आणि अंगाची गुंडाळी करून बसली. माझी म्हणून आली नाही, हे मला समजत होतं. आम्हा दोघींना एकीचीच आठवण येत होती, म्हणून आली. तेवढं मला पुरलं. संध्याकाळ झाली, सासूबाईंनी दिवा लावायला हाक मारली, पण ती निजली होती म्हणून मी उठले नाही. बसल्या जागेवरूनच हात जोडले.