मारामारीखालचा सूलताल

सिनेमातल्या गाण्यांवर बोलणारे बडोद्यात पैशाला पासरी मिळतील. मारामारीच्या पार्श्वसंगीतावर तासभर बोलणारा मात्र मी एकटाच, असं मी गेली कितीतरी वर्षं तोऱ्यात सांगत आलो. माझं मत सरळ आहे. संगीतकाराचा खरा कस हाणामारीत लागतो. गाण्यात शब्द सांभाळून घेतात, गायक सांभाळून घेतो. इथे त्याला कुणी वाली नसतो. हल्लीची मंडळी पहिल्या ठोशापासूनच सगळे ढोल बडवायला घेतात, मग शेवटच्या ठोशाला त्यांच्या हाती उरतं काय? पूर्वीचे लोक दोन ट्रम्पेट आणि बोंगोवर भागवायचे, पण कोण मारतोय आणि कोण मार खातोय ते डोळे मिटूनही कळायचं. पुरावा म्हणून मी एक कॅसेट ऐकवायचो. आता ती ऐकवावी की नाही, मला कळेनासं झालं आहे.

हे संगीत तेव्हा तबकडीवर यायचं नाही, तिथे फक्त गाणी. म्हणून अकरावीत असताना मी मांडवीजवळच्या टॉकीजमध्ये कापडी पिशवीत छोटा टेपरेकॉर्डर लपवून नेला. बरोबर बाबा होते. मारामारीचे सिनेमे मी एकट्याने बघायचे नाहीत, असा घरचा दंडक होता. बाबा दिवसा कचेरीत, संध्याकाळी पखवाजावर. सिनेमाच्या संगीताला ते ‘भांडी पडल्याचा आवाज’ म्हणत.

दारावरच्या माणसाने विचारलं, “थेलीमां शुं छे?”

“नास्तो छे,” बाबा म्हणाले. मी चाटच पडलो. घरी चहात साखर कमी पडली तरी खरं सांगून टाकणारा हा माणूस!

आत मी पिशवी मांडीवर घेतली आणि बाबांच्या खुर्चीच्या लाकडी हाताला टेकवून ठेवली. शेवटची मारामारी सुरू झाली तसं बटण दाबलं. बाबा डोळे मिटून बसले होते. मला वाटलं, झोपले.

घरी ऐकतो तर काय! ट्रम्पेट आणि ड्रमच्या खाली टक-टक असा एक बारीक ठेका चालू होता, आणि तो चक्क दहा मात्रांचा. बाबांचे शिष्य घोकत ते ऐकून मला सूलताल पाठ होता. विलायती ड्रमच्या चार मात्रांखाली आपला सूलताल घालणारा संगीतकार! मी हरखून गेलो. इथल्या मराठी मंडळाच्या हस्तलिखितात त्यावर आठ पानी लेख लिहिला आणि लेख नि कॅसेट दोन्ही घेऊन बाबांसमोर उभा राहिलो.

“आता सांगा, हा भांड्यांचा आवाज आहे का?”

बाबांनी कॅसेट पूर्ण ऐकली. मग म्हणाले, “असेल बुवा,” आणि उठून अंघोळीला गेले. मी जिंकलो असं धरून चाललो.

बाबा जाऊन आता बरीच वर्षं झाली. परवा माझे एक गुजराती मित्र घरी आले. गोरव्याच्या कारखान्यात यंत्रं ऐकून बिघाड ओळखण्यात त्यांची उमर गेली. त्यांनी त्याच सिनेमाची नवी, स्वच्छ केलेली प्रत आणली होती. शेवटची मारामारी लागली. ट्रम्पेट होते, ड्रम होता. सूलताल कुठेच नव्हता.

“साफ करताना खरवडून टाकला या गाढवांनी!” मी म्हणालो.

त्यांनी माझी कॅसेट मागितली, दोनदा ऐकली आणि मान हलवली. “ना भाई, आ अवाज पडदामांथी नथी आवतो. आ तो साव पासे छे.” पडद्यामागचा आवाज हॉलमध्ये घुमतो, हा घुमत नाही, कुणीतरी टेपच्या अगदी जवळ लाकडावर बोटं वाजवतंय, असं त्यांचं म्हणणं.

माझे कानच तापले. आठ पानं, इतकी वर्षं, इतक्या लोकांशी घातलेले वाद, सगळं बाबांच्या बोटांवर! आणि त्यांनी स्वतःची बोटं ओळखली नसतील? मग बोलले का नाहीत? त्यांना ते संगीत आवडलं होतं, की कंटाळून त्यांनी आपला रियाज उरकून घेतला? ते कळल्याशिवाय मला चैन पडेना. आईला विचारलं.

“कंटाळा आला की बोटं वाजवायचे ते,” आई म्हणाली. “पण खूश असले तरी वाजवायचेच. मला कुठे कळायचं?”

आईने डोक्यातला गोंधळ दुप्पट केला. मित्र गेल्यावर मी कॅसेट पुन्हा लावली. या वेळी ट्रम्पेटकडे लक्षच दिलं नाही, फक्त बोटं ऐकली. शेवटाकडे बाबा तिहाई घेतात, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर येतात, आणि ती सम हिरोच्या शेवटच्या ठोशावर पडते. नेमकी. पुढे-मागे केसभरही नाही. मी टेप मागे नेऊन चार वेळा ऐकलं. योगायोग म्हणावा, तर तिहाई आधी मोजून मग उचलावी लागते. म्हणजे तो ठोसा कधी बसणार हे ती उचलतानाच बाबांना ठाऊक होतं.

आम्ही दोघांनी तो सिनेमा एकदाच पाहिला होता. त्याआधी बाबा एकटेच जाऊन आले असणार, आणि एकदा जाऊन इतकं पाठ होत नाही. मला त्यांचा भयंकर राग आला. आम्हाला बरोबर कितीतरी सिनेमे बघता आले असते.