वाळूतल्या जहाजाची परवानगी

डँडेनॉन्गहून निघालो तेव्हा गाडीत तीन दिवसांची थालीपिठं, एक फावडं आणि नितीनचा फोन होता. महत्त्वाचा तेवढा फोन. कोविडच्या साथीत मेलबर्नमध्ये लागलेला, घरापासून पाच किलोमीटरबाहेर न जाण्याचा नियम नुकताच उठला होता आणि पुन्हा कधी लागेल याचा भरवसा नव्हता. अशा वेळी आम्ही चार तास पश्चिमेला जाऊन वाळूत गाडलेलं स्पॅनिश खजिन्याचं जहाज शोधणार होतो.

हसा खुशाल. मीही हसले होते. मी पत्रकं लिहिणारी मुलगी. नोकऱ्या गेलेल्या परदेशी विद्यार्थ्यांना मदत द्या, घरभाडं थांबवा, व्हिसा वाढवा, असली पत्रकं वर्षभर फॉस्टर स्ट्रीटवरच्या इंडियन दुकानांच्या काचांवर चिकटवत होते. जहाजबिहाज माझा प्रांत नव्हे. पण नितीनला घरात बसवत नव्हतं, आणि गाडी माझी होती.

नितीन माझा मित्र, समुद्रकाठच्या देवबागचा. वडील होड्या बांधायचे, ते वारले. आई एकटी, आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जाते. हा इथे शिकायला आला, पर्मनंट रेसिडेंट झाला, आता माल रचायच्या लाकडी पॅलेटच्या कारखान्यात शिफ्ट करतो. परदेशातून इथे येण्यावर बंदी होती हे तुम्ही वाचलं असेल. इथून बाहेर पडायलाही सरकारची परवानगी लागत होती, हे फार जणांना माहीत नाही. नितीनने तसा अर्ज केला होता. म्हणजे मीच लिहिला होता. ‘तुझं इंग्लिश धारदार आहे, लीडर, तूच लिही,’ असं म्हणून त्याने न वाचताच सही केली होती. उत्तर कधीही येणार होतं.

जहाज कुठून आलं, तर बर्नीकडून. बर्नी सत्तरी ओलांडलेला, समुद्रकाठच्या गावात राहणारा माणूस. पॅसिफिक ओलांडणारी स्पॅनिश जहाजं बरेचदा मनिलात, तिकडच्या लाकडाची बांधलेली असायची, आणि तसलं एक इथल्या वाळूच्या टेकड्यांखाली आहे, असं इकडे पिढ्यान्‌पिढ्या बोललं जातं. पूर्वेकडची लाकडं ओळखणारा कुणी आहे का, असं त्याने इंटरनेटवर विचारलं होतं. नितीनने लिहिलं, ‘मी ओळखतो.’

पहिल्याच दुपारी माझी गाडी चाकांच्या मध्यापर्यंत वाळूत रुतली. बर्नीने आपल्या यूटला (मागे उघडा हौदा असलेली गाडी) दोर बांधून ती ओढली आणि म्हणाला, “बघा, तीस वर्षांत या टेकड्यांतून मी वर काढलेली ही पहिली गोष्ट.”

मग त्याने प्लास्टिकच्या पाकिटातला कागद दाखवला. एवढ्या पट्ट्यात, एवढ्या दिवसांत, हाताने भोकं पाडण्याची सरकारी परवानगी. शिक्का, सही, सगळं. मी तो कागद दोनदा वाचला आणि माझं डोकं फिरलं.

“जे जहाज असल्याचा पुरावा नाही, त्याला परवानगी,” मी नितीनला मराठीत म्हटलं. “आणि तुझी आई पुराव्यासकट आहे.”

“खोद आता,” नितीन म्हणाला. “पत्रक नंतर.”

काम असं. माणसाच्या उंचीचं लोखंडी गिरमीट दोघांनी फिरवत वाळूत उतरवायचं, वर ओढायचं, पात्यांत अडकलेली माती बोटांनी चाचपायची. लाकडाचा चुरा दिसला तर थांबायचं. नाही दिसला तर चार पावलं पुढे. वारा असा की माझा मास्क उडून समुद्राकडे गेला. एका बाजूला मोठमोठ्या लाटा, दुसऱ्या बाजूला गवताच्या झुबक्यांनी धरून ठेवलेल्या टेकड्या. मैलभर माणूस नाही. देखणी जागा आहे, हे मला कबूल करावं लागलं, आणि ते कबूल करतानाही राग आला.

फोनला रेंज फक्त सगळ्यात उंच टेकडीच्या माथ्यावर. नितीन दर तासाला वर चढायचा. खाली आला की मान हलवायचा.

बर्नी प्रत्येक भोकाची नोंद वहीत करायचा. जेवणाच्या सुट्टीत मी ती चाळली. ‘खड्डा नऊ. वाळू. वाळू. चिकणमाती. काही नाही.’ पानंच्या पानं तेच. एक विशेषण नाही.

“कंटाळा नाही येत हे लिहायचा?” मी विचारलं.

“जे वर आलं ते लिहायचं, मेट,” तो थालीपिठावर चीज ठेवत म्हणाला. “न आलेलं लिहिलं की पुढच्याची फसगत.” मग थालीपिठाचा तुकडा मोडून म्हणाला, “हे मात्र खजिन्यात धरायला हरकत नाही.”

दुसऱ्या दिवशी तेविसाव्या खड्ड्यातून लाकूड आलं.

बर्नी गुडघ्यांवर बसला. फावड्याने उकरलं तशी बोटभर लांबीची ढलपी निघाली आणि तिच्यात एक गंजका खिळा. नितीनने ब्लेडने कड तासली, थुंकीने ओली केली, वास घेतला. मला वाटलं, सांगेल आता जहाज म्हणून. म्हाताऱ्याला तेवढं सुख द्यायला काय जातं?

“सॉरी, बर्नी,” तो म्हणाला. “खिळा गोल तारेचा आहे, यंत्रावरचा, अलीकडचा. लाकूड इथलंच. कुंपणाचा खांब आहे हा.”

बर्नीने ढलपी हातात घेतली, उलटसुलट केली. “या टेकड्यांवर कुंपणं मीच घालायचो,” तो म्हणाला. “तरुण होतो तेव्हा. म्हणजे हे माझंच काम असणार.” तो हसला, मग समुद्राकडे तोंड करून उभा राहिला. जरा वेळाने वही उघडून त्याने लिहिलं : ‘खड्डा तेवीस. कुंपणाचा खांब. जहाज नाही.’

त्याच दुपारी नितीन टेकडीवरून उतरला तो मान न हलवता. फोन माझ्या हातात दिला.

अर्ज नामंजूर. कारण दोन ओळींत दिलं होतं. निवेदनात अर्जदाराच्या स्वतःच्या परिस्थितीची माहिती नाही. आजाराचा पुरावा जोडलेला नाही.

मी मनातल्या मनात पत्रक लिहायला घेतलं होतं. निर्दय, पाषाणहृदयी, वगैरे. तेवढ्यात नितीन म्हणाला, “मी कशावर सही केली होती, ते दाखव.”

फोनमध्ये होतंच. तो वाळूत बसून वाचू लागला. ‘आम्ही, या देशाच्या समृद्धीसाठी राबणारे स्थलांतरित, मागणी करतो.’ पुढे दोन पानं मागण्या. सोबत सह्यांची यादी. आईचा उल्लेख शेवटच्या परिच्छेदात, ‘आमच्या वृद्ध माता’ असा, अनेकवचनी. डॉक्टरांची चिठ्ठी मराठीत होती, भाषांतराला आठवडा लागला असता. थांबू नको, निवेदनात दम आहे, असं मीच म्हटलं होतं.

“लीडर,” तो म्हणाला, “यात माझी आई कुठे आहे?”

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो उठला, गिरमिटाचं दुसरं टोक धरून उभा राहिला आणि बर्नीला म्हणाला, “चोविसावा.”

त्या संध्याकाळी मी नवा अर्ज लिहिला. ‘आई आजारी आहे. दोन्ही मूत्रपिंडं निकामी. मी एकुलता मुलगा. मला तिच्याकडे जायचं आहे.’ चार वाक्यं. चिठ्ठी भाषांतराला पाठवली.

निघायच्या सकाळी नितीनने टेकडीवरून आईला व्हिडिओ कॉल केला. मी शेजारीच होते. परवानगी नाकारल्याचं त्याने तिला सांगितलं नव्हतं, अर्ज केला होता हेही नाही. काम आहे, एवढंच सांगत आला होता; या वेळचं काम जहाजाचं, हे तिला ठाऊक होतं. पडद्यावर बारीक झालेला चेहरा, नाकात चमकी.

“गावला काय रे ता जहाज?” (सापडलं का रे ते जहाज?)

नितीनने खाली बघितलं. बर्नी तिथे खड्डे बुजवत होता.

“होय. गावला.”

“मगे येतलंस कधी?” (मग येशील कधी?)

“आता ता वर काढूचा आसा. लाकूड वळखणारो माझ्याशिवाय हय कोण नाय.” (आता ते वर काढायचं आहे. लाकूड ओळखणारा माझ्याशिवाय इथे कुणी नाही.)

ती म्हणाली, “तर मगे टाकून येव नको. तुझ्या बापाशीन कधी व्हडी अर्धी सोडल्यान नाय.” (तर मग टाकून येऊ नकोस. तुझ्या वडिलांनी कधी होडी अर्धी सोडली नाही.)

परतीचे चार तास गाडी मीच चालवली. बर्नीला त्याने खोटं सांगितलं नव्हतं, तिला सांगितलं. का, ते मी विचारलं नाही. मुलगा अडकून पडलाय यापेक्षा मुलगा कामात आहे हे ऐकून झोप लागते, एवढं मलाही कळतं.

भाषांतर सहाव्या दिवशी आलं. आई पाचव्या दिवशी गेली.

अर्ज अजून माझ्याकडे आहे, न पाठवलेला. सरकारविरुद्ध मी अजून लिहिते, लिहिणारच, नियम अमानुष होता तो होताच. पण पत्रकात ‘आम्ही’ लिहिताना हात थांबतो. आधी नावं विचारते.

बर्नीची परवानगी तेवढी वाढली.

तेराव्यानंतर देवबागहून शेजारच्या सुमनकाकींचा फोन आला. नितीनने स्पीकर लावला होता. आई डायलिसिसच्या खाटेवरून सगळ्यांना जहाजाचं सांगायची, नर्सलासुद्धा, असं त्या म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, “इला काय रे ता वर?” (आलं का रे ते वर?)

“नाय, काकी,” नितीन म्हणाला. “अजून वेळ लागतलो.” (अजून वेळ लागेल.)