माझ्या ब्लॉगची शंभर टक्के तपासणी

मोशीतल्या आमच्या सोसायटीच्या वाचक मंडळाने ब्लॉगस्पर्धा जाहीर केली आणि मला घाम फुटला. अर्जात एकच प्रकार निवडायचा होता: प्रवास, पाककृती, चिंतन, तांत्रिक किंवा इतर. माझ्या ब्लॉगवर वांग्याच्या भरताची कृती चाकण चौकातल्या ट्रॅफिकमध्ये सुरू होते आणि मध्येच नवऱ्याच्या घोरण्यावर घसरते. ह्याला प्रवास म्हणावं की चिंतन? 'इतर'वर खूण करायला जीव होईना. 'इतर' म्हणजे लग्नात शेवटच्या पंगतीला बसवलेले पाहुणे.

मुळात हे प्रकारच मला मान्य नाहीत. काही ब्लॉगांत फोडणीपर्यंत पोचण्याआधी लेखिकेचं अख्खं माहेर फिरून यावं लागतं. काहींची सुरुवात 'बऱ्याच दिवसांनी लिहितेय' अशी होते आणि तोच शेवटचा लेख ठरतो. काही जण बालीला जाऊन फक्त हॉटेलचा नाश्ता लिहितात. पण खरे प्रकार दोनच: घरचे वाचतात तो आणि घरचे वाचत नाहीत तो. माझा दुसऱ्यातला, आणि ते मला फार लागायचं. बाहेरच्यांनी कितीही वाहवा केली तरी मला वाचक हवा होता तो एकच, माझा नवरा.

हे चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहेत. क्वालिटीवाले आलेला सगळा माल तपासत बसत नाहीत. खोक्यातले चार नग उचलायचे, ते बरे निघाले की अख्ख्या लॉटला हिरवं लेबल. माझ्या लेखांनाही तोच नियम. "अहो, वाचलंत का?" विचारलं की हे मोबाइलवर दोन ओळी वरच्या बघायचे, दोन खालच्या.

"लॉट ओके हाय," म्हणायचे आणि ताटावर बसायचे.

एकदा मी वैतागून लेखाच्या मधोमध लिहिलं की मी घर सोडून चालले आहे. तेही ओके झालं.

अर्जाची मुदत संपत आली असताना हे एक दिवस शिफ्टवरून तणतणत आले.

"कँटीनमध्ये सगळी मला घोरून दाखवत्यात! कुठं लिहिलंयस ते?"

"शोधा की," मी म्हणाले. "लॉट तर ओके होता ना?"

"कस्टमर कंप्लेंट आली. आता हंड्रेड पर्सेंट इन्स्पेक्शन!"

तक्रार आली की त्यांच्याकडे एकेक नग हातात घेऊन बघावा लागतो. त्यामुळे रविवारी सकाळी हे चहाचा कप घेऊन माझ्या लॅपटॉपसमोर बसले, अगदी पहिल्या लेखापासून. मी स्वयंपाकघरात उगाचच पुसलेले डबे पुन्हा पुसत होते. एकदा हे मोठ्याने हसले. मग झोपले असतील म्हणावं, तर घोरणं ऐकू येईना. शेवटी मी दारातून डोकावले.

"भरतात मीठ लिहायचं राहिलंय," हे मान वर न करता म्हणाले. मग हळूच, "आणि घर सोडून कुठं चालली व्हतीस?"

अर्ज मी त्याच दुपारी भरला. 'इतर'वर खुशाल खूण केली. मंडळाने काहीही समजावं, माझ्या हिशेबी ब्लॉगचा प्रकार सकाळीच बदलला होता.